पालकत्वाचा क्लास लावावा का? (१४,९९९ फक्त!)

निशिगंध_ठाणे (१४ जून)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मुलगा दहा वर्षांचा, यंदा पाचवीत. घरात तोंडाला कुलूप नाही, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की माझ्या मागे लपतो. परवा वाण्याकडे अर्धा किलो साखर आणायला पाठवला. दुकानासमोर पाच मिनिटं उभा राहून रिकाम्या हातानं परत आला. म्हणे, "काका माझ्याकडे बघतच नव्हते." दुसरीकडे जबाबदारीच्या नावानं शून्य. दप्तर मी भरते, वेळापत्रक मी बघते. गेल्या वर्षी डबा, पाण्याची बाटली, चित्रकलेची वही असलं काही ना काही पोचवायला मी शाळेच्या गेटवर इतक्या वेळा गेले, की वॉचमनकाका लांबूनच "आज काय राहिलं?" असं विचारायचे.

मग मोबाइलवर जाहिरात आली: 'आत्मविश्वासू आणि जबाबदार मूल घडवा, ८ आठवड्यांत.' आधी ९९ रुपयांचा वेबिनार. बसले. बाई छान बोलल्या, दोन-तीन ठिकाणी डोळ्यांत पाणीही आलं. शेवटचा पाऊण तास मात्र नुसती विक्री. मूळ किंमत ४५,०००, आज रात्री बारापर्यंत १४,९९९ आणि वर जीएसटी. बाजूला घड्याळ उलटं पळतंय, चॅटमध्ये धडाधड 'जॉइन्ड, जॉइन्ड' येतंय. मी कार्ड काढलं होतं. नवरा म्हणाला, "एक आठवडा थांबलीस तर पोरगं नासणार आहे का?" म्हणून थांबले.

कोणी असे क्लास केलेत का? खरंच फरक पडतो? की पैसे पाण्यात?

खवचट_काका

१८ टक्के जीएसटी धरून १७,६९९ होतात. एवढ्यात वाण्यालाच महिन्याच्या पगारावर ठेवा, मुलाकडे बघायला.

चैत्रपालवी

काका, तुम्ही पहिला प्रतिसाद देणार हे ठरलेलंच आहे का? 😀

निशिगंध, आमच्या शाळेच्या ग्रुपवरही हीच जाहिरात फिरतेय. वाचते आहे.

शेणोलीकर

आम्ही पाच भावंडं. आईला आमची इयत्ता विचारली असती तर सांगता आली नसती. कसले क्लास न् कसलं काय. चुकलं की पाठीत धपाटा, संपलं. सगळे मार्गी लागले. हल्लीच्या आईबापांना पैसा जास्त झालाय आणि वेळ कमी, त्यातनं ही दुकानं उघडलीत.

गुळपोळी

शेणोलीकर, आदर ठेवून सांगते, मागच्या महिन्यातल्या 'साहेबासमोर बोलताना घाम फुटतो' या धाग्यात "४५ वय झालं तरी मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरताना पाय लटपटतात" असं लिहिणारे तुम्हीच ना?

शेणोलीकर

ते वेगळं.

खवचट_काका

🍿

पडद्यामागचा

नाव बदलून लिहितोय. दीड वर्ष अशाच एका कंपनीत विक्रीत होतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, एकीचं सांगून काही साधतही नाही.

९९ रुपये का? तर फुकट ठेवलं की लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत. ९९ भरले की येतात. ते उलटं पळणारं घड्याळ पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं, करून बघा. 'जॉइन्ड' म्हणणाऱ्यांत आमचीच चार-पाच माणसं असायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या 'पालक मार्गदर्शक' ताईंचा फोन येतो, त्यांना दिवसाला किती नोंदण्या आणायच्या ते बांधून दिलेलं असतं. त्या ताईंना स्वतःला मूल असेलच असं नाही. आमच्याकडची एक २२ वर्षांची होती, तिला तिच्याच आईचे फोन यायचे, "जेवलीस का?"

शिकवायचे ते चार-पाच मुद्दे मात्र वाईट नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ओरडू नका, ऐकून घ्या, काम द्या, उठसूट मदतीला धावू नका. पण ते तिसऱ्या आठवड्यातच संपतात, पुढचे पाच आठवडे पुढचा, महागडा कोर्स विकण्यासाठी असतात.

निशिगंध_ठाणे

बापरे. मला आज सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी फोन आला. ताईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "मॅम, तुमचा मुलगा २० वर्षांचा झाल्यावर तुम्हाला कुठे दिसतो?"

टवाळ_बाळू

वाण्याच्या दुकानासमोर.

निशिगंध_ठाणे

बाळू 😂 दुष्ट.

सात_सक्कं

मी क्लास केलाय, म्हणून सविस्तर लिहितो. ऑनलाइनवाला नाही. नाशकात एक समुपदेशक बाई घ्यायच्या, एका शाळेच्या हॉलमध्ये. सहा शनिवार, माणशी २,५००. आम्ही चौदा जण होतो, त्यात पुरुष तीन.

गेलो का, ते आधी सांगतो. लेक दुसरीत असताना मी तिच्या थोबाडीत मारली. कारण काय, तर सातचा पाढा. सात सक्कं बेचाळीसला येऊन अडायची, रोज तिथंच. मारल्यावर ती रडली नाही, नुसती बघत राहिली. माझ्या आयडीचं नाव तेच आहे, लक्षात राहावं म्हणून.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी जोड्या लावल्या. एकानं मूल व्हायचं, एकानं बाप. मी मूल. मला जमिनीवर मांडी घालून बसवलं. समोर एक सहा फुटी गृहस्थ उभे, कंबरेवर हात, त्यांनी वरून विचारायचं, "सात सक्कं? सांग! सात सक्कं?" आता मी एमकॉम माणूस, दिवसभर आकडेमोडच करतो. खरं सांगतो, उत्तर तोंडावर येईना. घसा कोरडा. सगळं नाटक आहे हे माहीत असून. त्या दोन मिनिटांत जे कळलं ते मला कुणी भाषणात सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी आलो असतो.

घरचा अभ्यास एकच: रोज पंधरा मिनिटं मुलासोबत खेळायचं, खेळ त्यानं ठरवायचा, आपण शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, "असं नाही, असं" म्हणायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी चौथ्या मिनिटाला म्हणालो, "अगं, हा ठोकळा खाली ठेवलास तर पडणार नाही." साधारण दहाव्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, झाली ना तुमची पंधरा मिनिटं? जा आता."

फरक पडला का? तिच्यात किती ते माहीत नाही. माझ्यात पडला. पाढा अजूनही कच्चाच आहे.

चैत्रपालवी

सात_सक्कं, वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

बे_एके_बे

माझ्या वाट्याला आलेल्या वेबिनारमध्ये तो मार्शमॅलोचा (मऊ, गोड गोळीचा) प्रयोग दाखवला होता. मुलासमोर एक ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. जे थांबतात ते पुढे आयुष्यात यशस्वी, वगैरे.

खवचट_काका

आमच्याकडे याला गणेश चतुर्थी म्हणतात. समोर एकवीस मोदक, आणि आरती, मंत्रपुष्पांजली, वर हौशी आजोबांची अजून दोन आरत्या. हात लावलास तर बघ! या हिशेबानं अख्खा महाराष्ट्र आजवर यशस्वी व्हायला हवा होता.

टवाळ_बाळू

काका, नैवेद्याच्या ताटाखालून एक गायब करणारे पुढे यशस्वी होतात. माझा अभ्यास आहे.

उत्तरा_मा

विनोद बाजूला ठेवते, पण त्या प्रयोगाची पुढची गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे, स्टॅनफर्डमधले, मुलं बहुतेक विद्यापीठातल्याच लोकांची. २०१८ मध्ये बऱ्याच जास्त आणि वेगवेगळ्या थरांतल्या मुलांवर तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशेबात धरल्यावर तो संबंध फारच फिका पडला. ज्या घरात "नंतर देते" म्हटलेलं खरंच नंतर मिळतं, तिथलं मूल थांबायला शिकतं, असा माझा तरी अर्थ आहे.

मी बालमानसशास्त्रात काम करते, म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडं.

एक. 'पेरेंटिंग कोच' या पाटीसाठी आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. उद्या खवचट काकाही लावू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. त्यात अपमान वाटणाऱ्या माणसाकडे जाऊच नका.

दोन. पालकांना शिकवणं हे थोतांड नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात पालकांचे वर्ग सुरू केले. "तू आळशी आहेस" न म्हणता "टेबल आवरलेलं नसलं की मला वैताग येतो" असं म्हणायला शिकवणारी मंडळी कळत-नकळत त्यांचंच देणं लागतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात असाच कार्यक्रम उभा राहिला, तो पुढे कितीतरी देशांत गेला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पालक-प्रशिक्षणाबद्दल शिफारशीच काढल्या. चांगल्या वर्गांत साधारण तेच असतं जे सात_सक्कंनी लिहिलंय: खेळ, प्रत्यक्ष सराव, घरचा अभ्यास, पुढच्या वेळी काय घडलं ते सांगणं. समोर बसून नुसतं ऐकायचं असेल तर तो क्लास नव्हे, कीर्तन. (कीर्तनकारांची क्षमा मागून.)

तीन, निशिगंध तुमच्यासाठी. घरात भरपूर बोलणारं मूल बाहेर एकदम गप्प होतं, तेव्हा ते कुठे कुठे गप्प होतं हे आधी बघा. शाळेत, मित्रांत, नातेवाइकांत? सगळीकडेच महिनोन् महिने शब्द फुटत नसेल तर तो निव्वळ लाजाळूपणा नसू शकतो, एकदा तज्ज्ञाला दाखवावं. वर्गशिक्षिकेशी बोललात का?

निशिगंध_ठाणे

नाही बोलले. पालकसभेत मार्कांपलीकडे विषयच निघत नाही. पण विचारते.

मोरपीस

उत्तरा_मा यांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडून मोठ्ठं अनुमोदन. आम्ही धाकट्यासाठी दोन क्लास केले. दोन्हीकडे एकच: तक्ता करा, चांगलं वागला की तारा चिकटवा, नियम पाळा, तुम्ही ठाम नाही म्हणून मूल ऐकत नाही. फ्रिजवर ताऱ्यांचा तक्ता आणि खाली मी रडतेय. अख्खं वर्ष गेलं. शेवटी लसीकरणाच्या जुन्या डॉक्टरांनी सहज पाहिलं आणि पुढे पाठवलं. एडीएचडी निघालं, म्हणजे लक्ष एकवटायला आणि स्वस्थ बसायला जमत नाही ते. त्याचे उपचार वेगळे, त्यातही पालकांचं प्रशिक्षण असतं, पण ते वेगळं. त्या वर्षात मी त्याला 'बेजबाबदार' किती वेळा म्हटलं असेल. क्लासवाल्यांचा राग येत नाही, पण "आमच्याकडे प्रत्येक मुलासाठी उपाय आहे" म्हणणाऱ्याचा येतो.

उत्तरा_मा

मोरपीस, ते तुमच्यामुळे झालेलं नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल, तरी पुन्हा सांगते. आणि कुणाला रात्री-अपरात्री नुसतं बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

नागपुरी_संत्रं

आमच्या कॉलनीत एका मॅडमचे क्लास आहेत बापा, 'कॉन्फिडन्स बिल्डिंग फॉर मॉम्स'. माझी वहिनी जाते. पोट्टा तसाच आहे, वहिनी मात्र लय कॉन्फिडंट झाली. आता दादाले क्लास लावा लागते.

टवाळ_बाळू

हाहाहा! पैसे वसूल.

पाखरू_स्टॉकहोम

इकडची बाजू. स्वीडननं १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी आणली, जगात सगळ्यात आधी. मारायचं नाही तर करायचं काय, हा प्रश्न इथल्या पालकांनाही पडलाच असणार. आमच्या नगरपालिकेत पालकांसाठी चार बैठकांचा कोर्स असतो, फुकट. मीही केला. जाहिरात नाही, घड्याळ नाही, कॉफी आणि दालचिनीचा पाव.

पण खरा क्लास पाळणाघरात झाला. हिवाळ्यात बाहेर खेळायला जायचं तर पोरांना थर्मल, लोकरी मोजे, वरून अख्खा ओव्हरऑल, बूट, हातमोजे. तीन वर्षांची पोरं हे सगळं स्वतः घालतात. ताई समोर बसून बघतात. फक्त बघतात! माझी लेक एका बाहीशी अकरा मिनिटं झटत होती आणि माझे हात शिवशिवत होते. मी पुढे झाले तर ताई हळूच म्हणाल्या, "तिनं मागितली का मदत?"

आता उलट बाजू. याच लेकीला काही वर्षांनी मे महिन्यात सांगलीला नेलं. तिची आतेबहीण, वय तेवढंच, बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करते, आल्या-गेल्याला पाणी देते, आजीच्या गोळ्या वेळेवर काढून देते. माझी ओव्हरऑलवाली कन्या तिथं कोपऱ्यात बसून होती. कोण आत्मविश्वासू मग?

गुळपोळी

शेवटचा प्रश्न भारी आहे.

पाटीपेन्सिल

या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो, त्यातली बारा वर्षं डहाणू-तलासरीच्या आदिवासी भागात.

तिथं सहा वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन यायची. शेळ्या राखायच्या, पाणी भरायचं, सुकी लाकडं गोळा करायची. जबाबदारी शिकवायचा प्रश्नच नव्हता, उलट तिच्या खांद्यावरची थोडी कमी कशी करावी हा होता. जंगलात ती माझ्यापुढे चालायची आणि साप कुठे असेल ते मला सांगायची. तीच वर्गात आली की मान खाली, नाव विचारलं तरी आवाज नाही. ती भित्री होती का? नाही. जागा तिची नव्हती, भाषा तिची नव्हती, बस. मी थोडी वारली शिकलो, चुका करत बोलायला लागलो, पोरं हसायला लागली. मग बोलायला लागली.

त्या भागात ताराबाई मोडकांचं नाव अजून निघतं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या बाई, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि नंतर सहकारी अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात. मोठी मुलं गुरं चारायला जायची, तर कुरणातच शाळा भरवली. आज आपण 'अंगणवाडी' हा शब्द सहज वापरतो. अंगणात भरणाऱ्या शाळेची मला आवडणारी गोष्ट अशी, की आईबाप कामं करता करता बघत असतात. कुणी त्यांना हॉलमध्ये बसवून 'पालकत्व' शिकवत नाही. आपलं पोर दुसऱ्या कुणाजवळ किती वेगळं वागतं ते त्यांना दाराशी उभं राहून दिसतं.

शहरातल्या पालकांना नेमकं तेच दिसत नाही असं मला वाटतं. मूल घरात कसं आहे तेवढंच माहीत असतं.

शेणोलीकर

गुरुजी, नमस्कार. हे वाचून माझा धपाट्याचा मुद्दा थोडा मागं घेतो. अर्धा.

पाटीपेन्सिल

उरलेला अर्धाही घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. मी त्याआधी मारलेलं आहे. ज्यांना मारलं ती मुलं रस्त्यात भेटतात, पाया पडतात, आणि मला खाली बघावंसं वाटतं.

बे_एके_बे

थोडं अवांतर. 'हुशार आहेस' म्हणायचं नाही, 'मेहनत घेतलीस' म्हणायचं, हे सगळे कोच सांगतात. त्यात तथ्य आहे का? माझी आई नातीला दिवसातून चाळीस वेळा "गं माझी हुश्शार बाई" म्हणते. तिला थांबवायचं कसं?

उत्तरा_मा

तथ्य आहे, जाहिरातीइतकं नाही. १९९८ चा म्यूलर आणि ड्वेक यांचा अभ्यास. पाचवीच्या वयाची मुलं. काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "खूप मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, आणि नंतर आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. पण पुढे हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर शाळांमध्ये राबवली, तेव्हा सरासरी परिणाम लहान निघाला. आजीला थांबवू नका. आजीचं 'हुश्शार' म्हणजे गुणपत्रिका नसते, लाड असतात, आणि मुलांना तो फरक कळतो.

खवचट_काका

मला आई "दिवटा" म्हणायची. त्याच्यावर अभ्यास झालाय का?

उत्तरा_मा

परिणाम समोर आहे, काका.

टवाळ_बाळू

🙏🙏🙏 धागा इथेच वाचनखूण करतोय.

रानवारा

निशिगंध, क्लासचं काय ते ठरवालच, पण साखर आणायला पाठवण्यात एक गफलत झाली असं वाटतं. वाण्याकडे गर्दी, उंच काउंटर, मोठी माणसं मुलांच्या डोक्यावरून पैसे पुढे करतात. तिथं दहा वर्षांच्या पोराला कोण विचारतो? मी माझ्या दोघांना दळणापासून सुरुवात करून दिली. गिरणीत बोलावं फार लागत नाही, डबा ठेवायचा, "जाडं की बारीक" एवढंच उत्तर द्यायचं. शिवाय तास-दीड तासानं पुन्हा जायचं असतं, ते लक्षात ठेवणं आलं. गिरणीवाल्याशी ओळख होते.

चैत्रपालवी

अजून गिरणी आहे तुमच्याकडे? आमच्या इमारतीत घरोघरी घरघंटी. पोरांना वाटतं पीठ पिशवीतच उगवतं.

मोरपीस

गिरणीतला तो कोमट पिठाचा वास! डबा पोटाशी धरून आणायचो, थंडीत बरं वाटायचं.

गुळपोळी

आणि भुवया पांढऱ्या झालेले गिरणीवाले काका. आम्ही त्यांना लहानपणी म्हातारेच समजायचो. एकदा अंघोळ करून लग्नाला आले तर कुणी ओळखेना, ३० वर्षांचे निघाले.

शेणोलीकर

आमच्याकडं ज्वारीवर गहू टाकला की आई ओरडायची. आधी कुणाचं काय दळलंय ते बघून नंबर लावायचा. हे मात्र खरंच कुठल्या क्लासात शिकवणार नाहीत.

बे_एके_बे

धागा पालकत्वावरून पिठावर आलाय, नोंद घ्यावी.

पडद्यामागचा

'दळणातून नेतृत्वगुण, ८ आठवडे.' स्लाइड मी बनवतो.

खवचट_काका

मूळ किंमत ४५,०००. आज रात्री बारापर्यंत डबा फुकट.

निशिगंध_ठाणे (९ जुलै)

धागा वर काढतेय, कारण सांगायचं आहे.

आधी शाळा. उत्तरा म्हणाल्या म्हणून वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटले. म्हटलं, हा अजिबात बोलत नाही, काय करावं? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोण? अहो, मागच्याच आठवड्यात वर्गाची तक्रार घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेला होता. पंखा बंद आहे म्हणून." मला पटेना, दोनदा नाव विचारून घेतलं. मग बाई जरा चाचरत म्हणाल्या, "तुम्ही बरोबर असलात की नाही बोलत तो. त्याच्या वतीनं तुम्हीच बोलता ना." पाटीपेन्सिल गुरुजी, तुमचा प्रतिसाद आठवला. घरी येईपर्यंत रिक्षात गप्प बसून होते. थोडं हसू येत होतं, थोडा रागही आला होता, नक्की कुणाचा ते माहीत नाही.

मग गेटवर जाणं बंद केलं. त्याला आधी सांगून. तिसऱ्याच दिवशी कंपास टेबलावर. मी ऑफिसमध्ये बसून दिवसभर त्या कंपासचाच विचार करत होते. संध्याकाळी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आठ वाजेपर्यंत कसाबसा धीर धरला. तो म्हणाला, "हो, राहिला. बाई ओरडल्या. शेजारच्याचा घेतला. आज भाजी काय आहे?"

आता दळण. आमच्या मागच्या गल्लीत गिरणी आहे, मला १२ वर्षांत माहीत नव्हतं. पाच किलो गहू देऊन पाठवला, हातात ५० ची नोट. ठेवून आला, दीड तासानं आठवणीनं गेला, डबा घेऊन आला. मी उघडला तर ज्वारी. डबे सारखेच, स्टीलचे. मी चपला घालायला लागले तेवढ्यात नवऱ्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. बसले. त्यालाच म्हटलं, "आपले गहू कुठे गेले असतील?" त्याचा चेहरा पडला. डोळे भरले. पाच मिनिटांनी डबा उचलून निघाला.

चाळीस मिनिटं झाली. पाखरू, तुमची अकरा मिनिटं मला पुरती समजली. खिडकीतून किती वेळा वाकून बघितलं ते विचारू नका.

आला तेव्हा डबा बरोबर होता आणि तोंडात काहीतरी होतं. गिरणीवाल्यानं सांगितलं की तो डबा समोरच्या इमारतीतल्या आजी घेऊन गेल्या. हा त्यांच्याकडे गेला, बेल वाजवली. आजींनी विचारलं, "कुणाचा रे तू?" यानं आमच्या दोघांची नावं, मजला, सगळं सांगितलं. आजी कणीक भिजवायलाच बसल्या होत्या म्हणे, आमच्या गव्हाची. बेसनाचा लाडू दिला. वर सांगितलं, पुढच्या वेळी डब्यावर नाव लिही. काल त्यानं तेलरंग मागून घेतला आणि डब्यावर स्वतःचं नाव लिहिलंय. आमचं आडनाव नाही, फक्त स्वतःचं.

क्लास मी लावलेला नाही. सात_सक्कंनी लिहिल्यासारखा इथे जवळपास शनिवारचा गट आहे का, ते मात्र शोधतोय. नवऱ्यासाठी. ओरडतो तो.

सात_सक्कं

त्यांना सांगा, दुसऱ्या शनिवारी पँट सैल घाला. मांडी घालावी लागते.

पाखरू_स्टॉकहोम

तक्रार घेऊन मुख्याध्यापिकांकडे!! 😂 आणि तुम्ही १४,९९९ भरायला निघाला होतात.

रानवारा

आता साखर?

निशिगंध_ठाणे

साखर नाही. वाण्याकडे अजूनही जात नाही. म्हणतो, "ते काका खरंच बघत नाहीत." काल मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. खरंच बघत नाहीत हो.

खवचट_काका

एकूण खर्च किती झाला, हिशेब सांगा. दळण किती रुपये किलो?

निशिगंध_ठाणे

आठ रुपये किलो. पाच किलोचे चाळीस.

खवचट_काका

आणि ५० च्या नोटेतले वरचे दहा?

निशिगंध_ठाणे

ते अजून परत आलेले नाहीत. विचारलं तर म्हणाला, दोन फेऱ्या झाल्या ना.